माळ कोणाच्या गळ्यात

वर्ध्यात एक किराणा दुकान आहे. त्याची पायरी मी जन्मात चढलो नाही. घरात साखर संपलेली, पाहुणे ओसरीवर बसलेले, तरी मी ते दुकान ओलांडून पुढच्या चौकात जायचो आणि तिथून साखर आणायचो. बायकोला कारण माहीत होतं. ती पाहुण्यांना सांगायची, चहाले जरा वेळ लागन, आमचे हे फेरा घालून येतात. आणि तोंडाला पदर लावून हसायची.

या हिवाळ्यात ती गेली. त्या गोष्टीवर हसणारं घरात आता कोणी उरलं नाही. सून विचारते, बाबा, दुकान जवळ असून तुम्ही लांब काऊन जाता. तिला उभ्या उभ्या काय सांगणार. म्हणून लिहून काढतो. सातवी शिकलेला माणूस आहे, जसं येईल तसं लिहिणार.

त्या दुकानाच्या मालकाचा मला हेवा वाटतो. वाटायचा असं नाही, वाटतो. आणि त्याचं मूळ आहे बॅलेमध्ये.

तुम्ही म्हणाल, वर्ध्यात कुठला आला बॅले. आला होता. देशातली पहिली निवडणूक होऊन गेली होती, वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि राजधानी नागपूरला होती. आमचं गाव वडनेरच्या पुढे. बापाचं कापसाचं वावर. गावची शाळा चौथीवर संपायची, म्हणून मला मामाकडे बोरगावला आणून ठेवलं. बोरगाव तेव्हा वेगळं खेडं होतं, आता वर्ध्यात गेलं. मामा कचेरीत कारकून. घरात मामा, मामी आणि त्यांची एकुलती पोरगी. ती माझ्याहून थोडी लहान.

आमच्यात मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. हे कोणी ठरवत नाही, ते असतंच. मी पेटी घेऊन दारात उभा राहिलो तर शेजारची बाई म्हणाली, "आला का वं तुमचा जावई." मामी पोरीला म्हणाली, त्याले भाकर वाढ, सवय कर. पोरीनं मला जीभ काढून दाखवली आणि भाकर वाढली. मी ती खाल्ली. वावराचा धुरा, म्हणजे बांध, जसा आमचा, तशी ही आमची, इतकं माझं साधं गणित होतं.

त्याच साली शाळेत चित्रकलेचे एक नवे गुरुजी आले. आमच्या इकडचे नव्हते, अर्धं हिंदीत बोलायचे. आधी ते एका मंडळीत होते. ती मंडळी गावोगाव फिरून बॅले करायची. त्यांचा गुडघा गेला, मग मंडळी सुटली. बहीण वर्ध्यात दिलेली, म्हणून इथे आले. चित्रं काढायला शिकवता शिकवता त्यांनी एक दिवस विचारलं की संध्याकाळी नाचायला कोण कोण येतं.

आमच्याकडे नाच म्हणजे दंडार. गडीमाणसं नाचणार, बाईचं सोंग पोट्टे घेणार, बाया लांबून पाहणार. पोरीबाळींनी नाचायचं म्हणजे घरचं नाव घालवायचं. पण मामाच्या साहेबाच्या दोन्ही पोरी जाणार असं कचेरीत कळलं, आणि मामानं चहा पिता पिता जाहीर केलं की आपलीही जाईल. मामीचं तोंड उतरलं. शेवटी तोड निघाली की मी सोबत जायचं. मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोट्टीवर ध्यान ठेवजो." असा मी बॅले शिकायला गेलो, राखणदार म्हणून.

शिकवणी जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, रिकाम्या गोदामात भरायची. कापसाचा हंगाम सरला की ते गोदाम दिवाळीपर्यंत मोकळं. रुईच्या गाठी ओढून ओढून फरशी गुळगुळीत झालेली. कोपऱ्यात कापसाची भूस साचलेली, ती आमच्या पायाच्या वाऱ्यानं उडायची आणि नाकात जायची. वास सरकीचा. गुरुजींनी एका भिंतीला कमरेइतका उंच बांबू बांधला. त्याला हात लावून उभं राहायचं आणि पाय उचलायचा. पुढे, बाजूला, मागे. उचलला की धरून ठेवायचा. गुरुजी काठीनं फरशीवर ठोके द्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला वाटलं होतं नाच म्हणजे उड्या. इथे महिनाभर नुसतं उभं राहणं. पिंढऱ्या अशा भरून यायच्या की मामी एरंडेल चोळून द्यायची आणि चोळता चोळता मामाला ऐकू जाईल असं बोलायची.

पण खरं सांगतो, ते उभं राहणं मला आवडायला लागलं. वावरात वाकून काम करणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही की तुझी मान कुठे आहे, तुझे खांदे कुठे आहेत. गुरुजींनी सांगितलं. गरकी घेताना चक्कर येऊ नये म्हणून त्यांनी भिंतीत डोळ्याच्या उंचीवर एक खिळा ठोकला होता. अंग फिरलं तरी नजर त्या खिळ्यावर. मान सगळ्यात शेवटी फिरवायची आणि सगळ्यात आधी परत आणायची. असं केलं की जग फिरतं आणि आपण फिरत नाही. हे मला पुढे पुष्कळ कामी आलं. माझा मोठा पोरगा तापात गेला तेव्हा कामी आलं.

आणखी एक गोष्ट बॅले शिकवतो. ती कोणी सांगत नाही. तो बघायला शिकवतो. रोज दुसऱ्याचं अंग बघायचं आणि त्याचा पाय आपल्याहून किती वर जातो, त्याची पाठ आपल्याहून किती सरळ आहे, ते बारीक बारीक कळायला लागतं. आंधळ्या माणसाला हेवा कमी असेल. आम्हाला गुरुजींनी डोळे दिले आणि माझ्या डोळ्यांपुढे तो पोरगा उभा केला.

तो किराणा दुकानदाराचा पोरगा. माझ्याच वयाचा. लांब मान. उन्हाळ्यातल्या त्या गोदामात आम्ही सगळे निथळायचो, त्याच्या कपाळावर थेंब नसायचा. मला एक गरकी यायला आठवडे गेले, ती त्यानं गुरुजींची एकदा पाहून घेतली. आणि पोरगा चांगला होता. बापाच्या दुकानातून खिसा भरून फुटाणे आणायचा आणि सगळ्यांना वाटायचा, मला आधी द्यायचा. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

पाऊस लागायच्या सुमारास गुरुजींनी सांगितलं की गणपतीत मंडपात आपला बॅले करायचा. गोष्ट त्यांनीच रचली. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, ती नवरी. तिला दोन जण मागणी घालतात, एक ऊन आणि एक पाऊस. दोघं आपापलं नाचून दाखवतात. शेवटी पऱ्हाटी पावसाच्या गळ्यात माळ घालते, पाऊस तिला खांद्याइतकी उचलतो, ती दोन्ही हात पसरते, आणि बोंडं फुटतात. ऊन मान खाली घालून निघून जातं. गाणं नाही, बोलणं नाही, सगळं अंगानं सांगायचं.

पऱ्हाटी कोण, याचा प्रश्नच नव्हता. मामाची पोरगी उभी राहिली की साहेबाच्या पोरीसुद्धा बाजूला सरकायच्या. पाऊस दुकानदाराचा पोरगा. मी ऊन.

मी तिथल्या तिथे गुरुजींना म्हटलं की गोष्ट चुकली. "बोंड फुटल्यावर पाऊस आला का कापूस काळा पडते, गुरुजी. तिले तवा ऊन पाह्यजे. ते पावसाले काऊन माळ घालन?"

गुरुजी हसले. म्हणाले, तू शेती कर, मला नाच करू दे. मी अडून बसणार होतो, तर मागून ती बोलली, "कापसाचं काई नाई, गुरुजी. त्याले माळ पाह्यजे." सगळं गोदाम हसलं. तोही हसला, आणि हसत हसत त्यानं मला फुटाणे दिले. मी ते घेतले नाहीत.

मग रोज मी ते पाहिलं. मी माझं ऊन नाचून भिंतीला टेकायचो आणि त्यांचं चालायचं. ती हात पुढे करायची, तो त्या हाताला हात न लावता त्याच्याखालून निघून जायचा आणि पलीकडे वळून उभा राहायचा. मग ती त्याच्या मागे. सुताची गुंडी उलगडावी तसं ते दोघं उलगडत जायचे. शेवटी ती दोरीची माळ त्याच्या गळ्यात टाकायची, तो तिच्या कमरेला हात लावायचा आणि ती वर. ती चढली असं वाटायचंच नाही. ती आधीपासून वरच होती आणि आम्हाला आत्ता दिसली, असं वाटायचं. घरी जाताना मी तिच्याशी बोलायचो नाही. ती विचारायची, काय झालं. मी म्हणायचो, काई नाई. ती म्हणायची, "ऊन पडलं वाटते."

घरात मी अवाक्षर काढलं नाही, ही गोष्ट कोणी मानणार नाही, पण खरं आहे. मामी आपल्याच पायानं आली. गणपती जवळ आला तशी तालीम दुपारपासून चालायची; एक दिवस पोरगी डबा विसरली म्हणून मामी डबा घेऊन गोदामात आली आणि नेमकी माळेच्या वेळेला दारात उभी राहिली. डबा तिथेच ठेवून परत गेली. संध्याकाळी मामा आल्याबरोबर तिनं सुरू केलं. गणपतीसमोर, चार माणसांत, वाजंत्री लावून, पोरगी पोराच्या गळ्यात माळ टाकणार, वरून फुलं उधळणार. मग लग्नात राहिलं काय. अंतरपाट तेवढा राहिला. देव समोर बसलेला असताना घातलेली माळ खोटी कशी म्हणायची. उद्या कोणी म्हटलं, हिची एकदा माळ पडली आहे, तर तोंड कोणाला दाखवायचं.

मामा म्हणाला, अगं, ही कला आहे.

"कलेले पोरगी नाई दिली मी," मामी म्हणाली. "तुमच्या बहिणीले दिली हाय."

निरोप गेला आणि माझी आई वडनेरहून मोटारीनं आली, कडेवर तुरीच्या डाळीची पिशवी. ती थेट गोदामात गेली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि गुरुजींना म्हणाली, "नाचू द्या जी गुरुजी, आमचं काई म्हणणं नाई. पण माळ घालाची त तिच्या आत्याच्या पोराले. दुसऱ्याले घालाची असन त मी पोट्टीले आजच गावाले नेतो."

गुरुजी बराच वेळ काठीच्या टोकानं फरशीवरची भूस ढकलत राहिले. दुसरी पऱ्हाटी त्यांच्याजवळ नव्हती. म्हणाले, ठीक आहे, बदलू.

मी मामीच्या घरी त्या रात्री जेवलो तसा आयुष्यात कमी वेळा जेवलो असेन. आई वाढत होती, मामी वाढत होती, आणि ती कोपऱ्यात बसून कोणाकडे न पाहता ताटात बोट फिरवत होती. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या पोरानं आपलं निळं उपरणं मला दिलं आणि माझं भगवं घेतलं. म्हणाला, हे घामानं रंग सोडते, मानेले लागू देऊ नोको. बस, एवढंच. ना राग, ना रुसवा. आणि मग त्यानं ऊन करून दाखवलं.

मी ऊन करायचो ते पाय आपटून, डोळे वटारून. त्यानं काहीच केलं नाही. गोदामाच्या मध्ये उभा राहिला आणि दोन्ही हात हळू, फार हळू, बाजूला उघडत नेले. इतकंच. साहेबाची धाकटी पोरगी बाया पदरानं वारा घेतात तशी ओढणी हलवायला लागली. गुरुजींची काठी थांबली. आणि ती, पऱ्हाटी, माझ्या शेजारी उभी असलेली, तिकडे पाहत होती. माळेचा हक्क माझ्या गळ्यात पडला होता आणि मला पुन्हा ऊन व्हावंसं वाटत होतं. असल्या माणसाचं काय करायचं? तुम्ही त्याची जागा घेतली तर तो तुमची जागा त्याच्या जागेहून मोठी करून टाकतो.

आता माळ आली. तिनं टाकली, बरोबर ठोक्यावर. मी तिच्या कमरेला हात लावले आणि उचललं. ती लाकडासारखी ताठ झाली. मी आणखी जोरानं धरलं. ती एकीकडे कलली, मी दुसरीकडे, आणि दोघं फरशीवर. तिचं कोपर सोलून निघालं. गुरुजी म्हणाले, पकडू नको, आधार दे. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आठवडाभर तेच. वाढत्या वयाचा पोरगा मी, वावरात पोती उचललेला, आणि ती किती ती, वाऱ्यानं जाईल अशी. वजनाची गोष्टच नव्हती.

शेवटच्या पडण्यानंतर ती उठली नाही. खाली बसून कोपरावर फुंकर घालत होती. म्हणाली, "तू मले पकडतं. तो पकडत नव्हता."

"मंग काय करे तो?"

"ठेवे. भरली घागर डोक्यावर ठेवतात तशी. तू त पळणाऱ्या गोऱ्ह्याले धरल्यावानी धरतं."

पोरी हसल्या. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तू माही हायेस म्हणून धरतो."

ती उभी राहिली, परकराची धूळ झटकली. "अजून नाई," म्हणाली, आणि बांबूपाशी जाऊन पाय उचलून उभी राहिली.

त्या दोन शब्दांचा मी पुढे किती कीस काढला. कधी वाटायचं, म्हणजे पुढे होणार असं म्हणाली. कधी वाटायचं, होईल तोवर मला हात लावू नको म्हणाली. तिला विचारलं तर तिला आठवायचंच नाही. की आठवायचं नाही असं सांगायची.

त्याच दिवशी घरी तिनं जेवताना मामीला विचारलं, "आई, माळ मी गणपतीले घातली त चालन?" मामीच्या हातात भाकर होती, ती तव्यावर टाकायची राहिली. गणपतीला माळ घालायला नाही कोण म्हणेल. मामा मोठ्यानं हसला आणि म्हणाला, पोरगी वकील होणार. झालं. माळ कोणत्याच पोराच्या गळ्यात पडणार नाही म्हटल्यावर माझ्या आईचा आक्षेप आपोआप मिटला, आणि माझा हक्कही. निळं उपरणं परत गेलं. मी पुन्हा ऊन.

मी तेव्हा मामीवर चिडलो, गुरुजींवर चिडलो, गणपतीवरसुद्धा चिडलो. तिच्यावर चिडता आलं नाही. त्या वयात ते कसं करतात मला माहीत नव्हतं.

गणपतीत मंडप खचाखच भरला. बाया एकीकडे, गडी एकीकडे, पोट्टे खांबांवर. मी ऊन केलं ते माझं नव्हतं. मी त्या पोराचं चोरलं. पाय आपटले नाहीत, डोळे वटारले नाहीत. उभा राहिलो आणि हात उघडत नेले, त्यानं नेले होते तसे. पुढे बसलेल्या बाया पदरानं वारा घ्यायला लागल्या. मला कळलं की हे चांगलं होतं आहे, आणि कळलं की हे त्याचं आहे. लोकांनी नंतर विचारलं, ते उनाचं पोट्टं कोणाचं होय, आणि मामानं छाती फुगवली. त्या कौतुकातला एक घाससुद्धा मला गोड लागला नाही.

शेवटी उनाला गरकी घेत घेत बाहेर जायचं होतं. त्याच वेळी तिकडे पाऊस तिला उचलणार. मी खिळ्याकडे पाहायचं सोडून तिकडे पाहिलं. ती वर गेली होती. हात पसरलेले, तोंडावर दिव्याचा उजेड. मला गरगरलं. मंडप फिरला, माणसं फिरली, मी एका पायावर, आता पडतो की मग पडतो. ती तोवर खाली उतरली होती आणि माळ घेऊन गणपतीकडे निघाली होती, माझ्या अंगावरून. ओठ न हलवता बोलली, "खिळा पाह्य. मले नोको पाहू."

समोरच्या खांबाला गुरुजींनी ठोकलेला खिळा होता. मी पाहिला. थांबलो. मान खाली घातली आणि उनासारखा निघून गेलो.

नंतर तो बॅले पुन्हा झाला नाही. दिवाळीला गोदामात कापूस आला, गुरुजी दुसरीकडे बदलून गेले. मी सातवी करून गावी परतलो, कारण बापाची पाठ गेली होती. ती आणखी थोडी शिकली. लग्न ठरलेलंच होतं, ते वेळ आल्यावर झालं.

लग्नात अंतरपाट खाली गेला आणि तिनं माझ्या गळ्यात माळ टाकली. इतकी वर्षं मी ज्या माळेची वाट पाहिली ती पडली, आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे. मी मान वळवली. मागे दुकानदाराचा पोरगा उभा होता, बापाबरोबर अक्षता टाकायला आलेला. घरी आल्यावर पहिल्या एकांतात मी तिला तेच विचारलं. दुसरा नवरा काहीतरी गोड बोलला असता. ती म्हणाली, उपासानं मले चक्कर येऊन राह्यली होती, मंडपाच्या खांबाले खिळा होता, तो पाहून राह्यलती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन खांब पाहून आलो. खिळा होता. पण तोही त्याच खांबाला टेकून उभा होता.

संसार झाला. वाईट झाला नाही. ती कापूस वेचायला यायची, कमरेला ओटी बांधलेली, तासाच्या, म्हणजे ओळीच्या, शेवटी पोचली की टाचा उचलून पंजांवर उभी राहायची आणि पाठ ताणायची. बाकीच्या बाया वाकलेल्याच राहायच्या. मी लांबून ते पाहायचो आणि मला आधी बरं वाटायचं, मग लगेच तो आठवायचा. मी फुगून बसलो की ती पोरांना सांगायची, बाहेर जाऊ नोका, ऊन पडलं हाय. पोरांना वाटायचं आई हवेबद्दल बोलते. त्या दुकानदाराबद्दल ती कधी वाईट बोलली नाही, चांगलंही बोलली नाही. मी तिला कशात पकडू शकलो नाही.

धाकट्या पोराला वर्ध्यात नोकरी लागली, त्यानं बोरगावला घर बांधलं, आम्ही म्हातारी तिथे येऊन राहिलो. म्हणजे जिथून सुरू झालं तिथेच आलो, आणि ते दुकान वाटेवर आलं.

शेवटच्या आजारात तिला उठवत नव्हतं. पोरगा म्हणायचा, बाबा, थांबा, मी येतो. मी थांबायचो नाही. मीच तिला उचलून खुर्चीत बसवायचो. उरलं होतं काय तिचं. एक दिवस उचलता उचलता मी विचारलं, "आता ठेवून राह्यलो का पकडून राह्यलो?"

तिनं डोळे उघडले. "पकडूनच," म्हणाली. "राहू दे. पकड."

तेराव्या दिवशी माणसं जेवायला आली होती. पोरानं तिचा फोटो मोठा करून आणला होता आणि भिंतीवर बराच उंच लावला होता. तेवढ्यात तो दुकानदार दारात दिसला. आमच्या घराची पायरी तोही पहिल्यांदाच चढत होता. केस पांढरे, मान तशीच लांब. हातात शेवंतीची माळ. चपला काढल्या आणि सरळ फोटोकडे निघाला.

मी उठून मध्ये उभा राहिलो. म्हटलं, "माळ अथी दे."

सगळं घर पाहत होतं. व्याही पाहत होते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचे ओठ जरा हलले. "अजून ऊनच हायेस बे तू," म्हणाला, आणि माळ माझ्या हातात दिली.

फोटोपर्यंत माझा हात पोचेना. सून म्हणाली, बाबा, मी घालतो. मी ऐकलं नाही. पाट ओढला आणि त्यावर चढलो. चढलो तर खरा, पण हात वर नेले आणि भिंत हलायला लागली. तेवढ्यात मागून कमरेला दोन हात लागले. त्यांनी मला धरलं नाही. आवळलं नाही, ओढलं नाही. ते नुसते तिथे होते, आणि माझं सगळं वजन कुठे जायचं ते त्यांना माहीत होतं. भरली घागर ठेवावी तसं. मी फोटोच्या वरचा खिळा पाहिला. भिंत थांबली. माळ घातली.

तिचं खरं होतं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की पोरींसमोर मला खाली पाहायला लावावं म्हणून ती तसं बोलली. नाही. असे हात असतात, आणि ते त्याचेच आहेत. त्या मंडपात दिव्याच्या उजेडात ती जशी वर गेली होती ते तिला कसं लागलं असेल, हे आता मला माझ्या अंगानं माहीत आहे. माहीत नव्हतं तेव्हा बरं होतं.

तो खाली बसून जेवला. पुरणपोळी अर्धी ठेवली, दातांचं काही सांगितलं. जाताना म्हणाला, येत जाजो दुकानात, बसू जरा, मीही एकलाच हाओ. मी मान हलवली.

परवा साखर संपली. मी पिशवी घेतली, त्याच्या दुकानापर्यंत गेलो. तो आत गल्ल्यावर बसला होता, पाठ सरळ. मला पाहून त्यानं हात वर केला. मीही केला. आणि पुढच्या चौकात जाऊन साखर घेऊन आलो.